पडद्यावरच्या जावयाचं वाक्य

हे मी आपणहून आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागातल्या आमच्या घरात, दर रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, मी माझ्या सासऱ्यांशी खोटं बोलत आलो. ते मुक्कामाला असतील तेव्हा, चांगली तीन वर्षं. तेही स्वतःच्या तोंडाने नव्हे, जुन्या फ्रेंच नटांच्या तोंडाने. ते नट कधीच गेले. त्यांच्यातला कुणी उठून मी असं बोललोच नव्हतो म्हणेल, ही भीती नव्हती. भीती नसली की माणूस किती सफाईने खोटं बोलतो, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सासऱ्यांना मी बाबा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, आणि त्यात थोडी थट्टा असते हे माझ्या लक्षात यायला लग्नानंतर सहा-सात वर्षं जावी लागली. ते पुण्यात पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. सासूबाई गेल्यापासून वर्षातले तीन महिने ते आमच्याकडे सिंगापूरला राहायला येतात. येताना मेतकूट, भाजणी आणि मतं घेऊन येतात. मेतकूट महिन्याभरात संपतं.

तरुणपणी ते एका फिल्म सोसायटीचे सभासद होते. रविवारी सकाळी खुर्च्या आपणच मांडायच्या, प्रोजेक्टर सुरू होईपर्यंत बाहेर ताटकळायचं, आणि सिनेमा संपल्यावर अमृततुल्यात उभं राहून तो दिग्दर्शकाला कसा जमलेला नाही हे सिद्ध करायचं, असा तो कार्यक्रम. बाकीचे सभासद अवघड सिनेमांचे भक्त होते. बाबांचा जीव मात्र फ्रान्सच्या साध्या, गर्दी खेचणाऱ्या सिनेमांवर. महायुद्धाच्या आगेमागे निघालेले, कृष्णधवल, चोर-फौजदारांचे, पाववाल्यांचे, ट्रक ड्रायव्हरांचे. त्यांचा सिद्धांत असा, की थोर सिनेमात कुणी पोटभर जेवत नाही. या सिनेमांत मात्र बँक लुटून घरी आलेला माणूस आधी कोट खुंटीला लावतो, हात धुतो, पाव कापतो आणि नीट चावून खातो. बाबांच्या मते तो नट जेवणाचा अभिनय करत नाही, जेवतो. आणि ज्याला कॅमेऱ्यासमोर खरोखर जेवता येतं, त्याला बाकी काही शिकवावं लागत नाही.

फ्रेंच नावं त्यांच्या जिभेवर कधी बसली नाहीत, म्हणून त्यांनी प्रत्येक नटाला आपल्या खात्यातलं एकेक पद दिलं होतं. बारीक मिशीवाला, नेहमी दुसऱ्याच्या बायकोशी बोलणारा, तो हेडक्लार्क. हसला की सगळं तोंडच हसतं तो शिपाई. आणि जाड मानेचा, पांढऱ्या केसांचा, खिशात हात घालून उभा राहणारा तो ओव्हरसियर. ओव्हरसियर बाबांचा लाडका. तरुणपणी तो धावत्या आगगाड्यांवरून उड्या मारायचा, आणि उतारवयात गावाकडच्या गप्प म्हाताऱ्यांची कामं करायचा. बाबा म्हणायचे, हा न बोलता जास्त बोलतो. ते ऐकताना मला बरं वाटायचं, कारण तेवढंच मला कमी वाचावं लागायचं.

कारण वाचायचं काम माझ्याकडे होतं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी झालाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर केसाएवढ्या बारीक रेघा ओढल्या, त्याला आता वर्तमानपत्राचा मथळाही लागत नाही. पण त्यांनी एक युक्ती शोधून काढली आहे. टीव्हीवरचा चेहरा बघायचा असला की ते टीव्हीकडे बघत नाहीत, शेजारच्या चपलांच्या रॅककडे बघतात. मग डोळ्याच्या कडेने चेहरा बऱ्यापैकी दिसतो. नवख्या माणसाला वाटावं, हे गृहस्थ दोन तास चपला बघतायत आणि गहिवरतायत.

अक्षरं मात्र कडेने वाचता येत नाहीत. म्हणून मी सिनेमा शोधून लावायचा, इंग्रजी सबटायटल्स वाचायची आणि लगोलग मराठीत सांगायचं, अशी वाटणी ठरली. बायको त्या वेळात सुखाने झोपायची. मुलगी जेवणाच्या टेबलावर गृहपाठ पसरून बसायची.

सुरुवातीचे दोन-तीन रविवार मी इमानाने काम केलं, हे नमूद करतो. पण फ्रेंच नट भराभर बोलतात. दोन ओळी येतात, त्यांचं मराठी वाक्य जुळवून तोंडातून बाहेर पडेपर्यंत बोलणारा माणूस जिना उतरून गेलेला असतो. मी मागे पडायला लागलो. मागे पडलो की अंदाजाने भरायला लागलो. त्यातच एकदा हार्बरफ्रंटच्या आमच्या ऑफिसातून मेसेजवर मेसेज येऊ लागले. आम्ही जहाजांच्या वेळापत्रकांचं सॉफ्टवेअर करतो, आणि जहाजांना रविवार नसतो. मी मांडीवरच्या फोनवर उत्तरं देत होतो आणि तोंडाने हेडक्लार्क आणि एका बाईचा संवाद मनाने रचत होतो. बाईंनी त्याला काय विचारलं ते मी पाहिलंच नव्हतं. माझ्या हेडक्लार्कने उत्तर दिलं, की बाई, ही दुपारी एक ते चारची विश्रांतीची वेळ आहे, तुम्ही प्रेम करायला उद्या या.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, फ्रेंच लोक इतके पुणेरी असतील असं वाटलं नव्हतं.

चूक तिथे झाली. त्यांना असं हसताना मी सासूबाई गेल्यानंतर पाहिलं नव्हतं, आणि ते हसू मी काढलं होतं. पुढच्या रविवारपासून मी थांबलो नाही. माझे पॅरिसचे चोर एकमेकांना टोमणे मारू लागले. मार्सेचा एक खलाशी पाहुण्याला चहा विचारताना, घेऊन आला असाल, असं म्हणाला. ओव्हरसियरच्या तोंडी मी दोन-चार चांगली, वजनदार वाक्यंही घातली. बाबा मान डोलवायचे आणि संवादलेखकाचं कौतुक करायचे. संवादलेखक कोचावर शेजारीच बसून शेंगदाणे खात होता.

धोका आला तो टेबलाकडून. मुलीच्या शाळेत मातृभाषेच्या तासाला मराठी मिळत नव्हती. हिंदी तिला नको होती. म्हणून माझ्या मुलीने मातृभाषेच्या जागी फ्रेंच घेतली. पहिलं वर्ष तिला फारसं कळत नसावं. दुसऱ्या वर्षी एका रविवारी, मी शिपायाचं बरंच लांबलचक वाक्य सांगून संपवलं, तेव्हा तिने वहीतून मान वर केली आणि तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली,

"पप्पा, ही ओन्ली सेड येस, लाह."

मी घसा खाकरला. बाबा चपलांच्या रॅककडे बघत शांतपणे म्हणाले, "अगं, मराठीत नुसतं हो म्हणायची पद्धत नाही."

त्यानंतर तिने कधी मला टोकलं नाही. फक्त एखाद्या वाक्याला तिचं पेन थांबायचं, आणि ते थांबलं की मला कळायचं की मी फार लांब गेलो.

आता जे सांगायचं ते सांगतो. गेल्या वर्षीची गोष्ट. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. बाबा आले की मुलीची खोली त्यांना, आणि मुलगी हॉलमध्ये कोचावर. त्या वर्षी माझं दोन दिवस घरून काम असायचं. बाबांचा व्हिजिट पास संपत आला होता आणि बायको तो महिनाभर वाढवायचा म्हणत होती. गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरात तिला विचारलं, "बाबा जाणार कधी?" आवाज चढवला नव्हता. भांडण नव्हतं. कारणं विचाराल तर सांगायलाही लाज वाटते: ते एसी बंद करतात, सकाळी बाथरूममध्ये वेळ लावतात, आणि माझ्या मीटिंग चालू असताना दारातून डोकावून, चालू द्या, चालू द्या, असं मोठ्याने म्हणतात. बस, एवढंच. बायको कुकरची शिट्टी होईपर्यंत कट्ट्याकडे बघत राहिली. स्वयंपाकघर आणि बाबांची खोली यांच्यामध्ये एक पातळ भिंत आहे. बाबांचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.

त्याच रविवारी आम्ही ओव्हरसियरचा एक सिनेमा लावला. निवड बाबांची नव्हती, माझी होती, आणि मी कथा न वाचता लावला होता. निवृत्त स्टेशनमास्तर, बायको वारलेली, गावाकडचं घर बंद करून लेकीकडे शहरात राहायला येतो. जावई औषधांच्या दुकानाचा मालक, नीटनेटका, चष्मेवाला. पहिला तासभर मजा होती. म्हातारा घरातली सगळी घड्याळं गाडीच्या वेळेवर लावतो, जेवायला उशीर झाला की शिट्टी काढतो. मी रंगात आलो होतो. बाबा हसत होते.

मग स्वयंपाकघर आलं. जावई चष्मा पुसत उभा. लेक पाठमोरी. दाराच्या फटीतून आपल्याला बाहेरचा म्हातारा दिसतो, हातात रिकामा कप घेऊन थांबलेला. जावई बोलला, आणि खाली पांढऱ्या अक्षरांत ओळ आली. तिचं मराठी करायला मला जुळवाजुळव करावी लागली नाही. ती मी गुरुवारी शब्दशः मराठीत बोललेलो होतो.

तीन वर्षांत पहिल्यांदाच मला वाक्य वेळेत आलं होतं, आणि ते मी वाचलं नाही. मी म्हणालो, "जावई म्हणतोय, बाबांना सांग, घाई करू नका, राहा अजून."

मुलीचं पेन थांबलं.

पडद्यावर कॅमेरा ओव्हरसियरच्या चेहऱ्याजवळ गेला. तो नट काहीच करत नाही, फक्त हातातल्या कपाकडे बघतो. मग त्याचे डोळे भरून येतात, आणि तो आल्या पावली मागे फिरतो. मी नटांना वाटेल ते बोलायला लावलं होतं, पण रडणारा चेहरा बदलायची सोय माझ्याकडे नव्हती. आणि चेहरे बाबांना दिसतात.

"इतकं चांगलं ऐकून म्हातारा रडतोय का?" बाबांनी विचारलं.

"आनंदाने," मी म्हणालो.

"असं होय," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड सरळ टीव्हीच्या मधोमध होतं. टीव्ही बघताना ते कधी टीव्हीकडे बघत नाहीत, हे मला पुरतं ठाऊक होतं. कोच त्यांच्या खुर्चीच्या डावीकडे आहे, म्हणजे त्यांच्या डोळ्याच्या कडेला मी होतो. ते माझ्याकडे बघत होते.

मग ते म्हणाले, आज डोळे दमले, उरलेला पुढच्या रविवारी बघू, आणि नातीला घेऊन खाली कॉफी प्यायला गेले. मंगळवारी त्यांनी जाहीर केलं, की पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख आहे, पास वाढवायची गरज नाही. बायकोने आग्रह केला. मीही केला, आणि केवढा केला. मला वाटतं, त्या घरात इतका गोड जावई आजवर कुणी पाहिला नसेल. ते शनिवारी गेले. उरलेला सिनेमा राहिला.

दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या एका मित्राबरोबर बाबांनी फराळ पाठवला, आणि त्यात एक दिवाळी अंक. शेजारच्या बाईंना तोंडी सांगून उतरवून घेतलेला त्यांचा लेख त्यात छापून आला होता, जुन्या फ्रेंच नटांवर. बायको म्हणाली, वाच मोठ्याने. म्हणजे पुन्हा मीच. चिवड्याच्या वाटीशेजारी अंक उघडून मी वाचू लागलो. हेडक्लार्क होता, शिपाई होता, पाव कापण्यावर अर्धं पान होतं. आणि शेवटी ओव्हरसियरचा तो सिनेमा. बाबांनी तो अर्धाच पाहिला होता, पण पुण्यात तेवढ्यावरून कुणी लिहायचं थांबत नाही. त्यांनी लिहिलं होतं, की आपल्याकडच्या सिनेमात जावई म्हणजे एक तर खलनायक नाही तर विनोदी पात्र; त्या फ्रेंच सिनेमातला जावई मात्र स्वयंपाकघरात उभा राहून, कुणी ऐकत नाही अशा समजुतीने, सासऱ्याबद्दल म्हणतो, घाई करू नका, राहा अजून. आणि ते ऐकून म्हातारा आनंदाने रडतो. माझं वाक्य, अवतरणचिन्हांत.

वाचून झाल्यावर बायकोने चकलीचा तुकडा मोडला. "सिनेमातले जावई बरे असतात," ती म्हणाली. तिने तो सिनेमा पाहिलेला नाही. तिला गुरुवार आठवत होता.

पाडव्याला व्हिडिओ कॉलवर बाबा खुशीत होते. लेखावरून फिल्म सोसायटीच्या म्हाताऱ्यांमध्ये जुंपली होती. त्यांच्या जुन्या सेक्रेटरींनी तो सिनेमा शोधून पाहिला होता, आणि असं वाक्य त्यात नाहीच, उलट आहे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. बाबांना डोळ्यांबरोबर कानांनीही दगा दिला, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षांत त्या सेक्रेटरींना बाबांची चूक काढता आली नव्हती. आता सापडली होती. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"म्हटलं, आमच्या जावयांनी वाचून दाखवलंय. ते एक अक्षर इकडचं तिकडे करत नाहीत."

हे म्हणताना ते फोनच्या किंचित बाजूला बघत होते. म्हणजे माझा चेहरा त्यांना स्पष्ट दिसत असणार.

कॉल संपल्यावर मी मुलीजवळ जाऊन बसलो. मग म्हटलं, ते स्टेशनमास्तरचं, त्या दिवशीचं, मला वाटतं मी चुकीचं वाचलं. आजोबांना सांगायला हवं. तिने इअरफोन काढला.

"आजोबांना माहितीये," ती म्हणाली. "त्याच दिवशी खाली कॉफी पिताना त्यांनी मला विचारलं, खरं काय म्हणाला तो? आय टोल्ड हिम."

"मग ते काय म्हणाले?"

तिने जरा आठवलं. "म्हणाले, पप्पांचं मराठी जास्त चांगलं आहे."

म्हणजे लेख लिहिताना त्यांना खरं वाक्य माहीत होतं. सेक्रेटरींशी वाद घालतानाही माहीत होतं. चाळीस वर्षांत न चुकलेला माणूस भर सभेत चुकीचा ठरला आणि हसत फोनवर आला, कारण बरोबर ठरायचं तर जावयाला खोटं पाडावं लागलं असतं. मी तेव्हा फोन उचलून बोलायला हवं होतं. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो. ते मला चांगलं जमतं.

यंदा त्यांच्या पासचा अर्ज मी स्वतः भरला, आणि मुदत जेवढी मिळेल तेवढी मागितली. फोनवर म्हटलं, बाबा, या खेपेला मधेच जायचं नाही. ते म्हणाले, बघू, मागचा सिनेमा अर्धा राहिलाय, तेवढ्यासाठी तरी यायला हवं, आणि सेक्रेटरींनी शेवट सांगून टाकायच्या आत. पुढच्या महिन्यात येतायत. मुलीने तिचं सामान हॉलमध्ये आणून ठेवलंय. एसीचा रिमोट मी त्यांच्या खोलीत ठेवलाय.

हे सगळं लिहून काढलं म्हणजे सुटलो, असं मला काही दिवस वाटत होतं. पण बाबांना अक्षरं दिसत नाहीत. हे छापून आलं तरी कुणीतरी त्यांना वाचूनच दाखवणार, आणि आमच्या घरात वाचून दाखवतो तो मी. माझ्यावर हे काम सोपवलं तर या लेखाचंही मी काय करीन याचा भरवसा नाही. चार विनोद वाढवीन, आणि मधलं स्वयंपाकघर गाळीन.

तेव्हा देणं आहे ते सरळ लिहून ठेवतो. त्या सिनेमातलं जावयाचं एक वाक्य मी बाबांना जसंच्या तसं वाचून दाखवायचं आहे, आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी ते मीही बोललो होतो, हे त्यांच्या समोर बसून सांगायचं आहे. ते मी अजून केलेलं नाही.